लसीमुळे इजा झाली तर भरपाई कोण देतं, आणि का देतं

अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार २००६ पासून पुढे तिथे वाटल्या गेलेल्या लसींचा हिशोब मांडला तर दर दहा लाख डोसमागे साधारण एका माणसाला भरपाई मिळालीये. लस घ्यायची की नाही हे ठरवताना दहा लाखात एक म्हणजे खरंच काहीच नाही, आणि मी हे सुरुवातीलाच सांगून टाकते की मी लसीच्या पूर्ण बाजूची आहे. पण तो जो एक आहे ना, त्याच्या घरात मात्र सगळं बदललेलं असतं, हॉस्पिटलची बिलं, सुटलेली नोकरी, कुणीतरी चोवीस तास जवळ लागणार, आणि त्या माणसाने लस घेतली तेव्हा ती फक्त स्वतःसाठी घेतलेली नसते, त्याच्यामुळे साथ थांबते, ज्यांना लस घेताच येत नाही त्यांनाही संरक्षण मिळतं. मग त्याचं नुकसान त्याने एकट्यानेच सोसायचं का? या एका प्रश्नाभोवती गेल्या सत्तर वर्षांत जगभर कायदे झालेत आणि त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, कारण लसीचा त्रास हा शब्द काढला की लोकांना वाटतं हा माणूस लसविरोधी आहे. तसं मुळीच नाहीये, उलट हे कायदे लसीकरण टिकावं म्हणूनच आलेत.

आधी हे बघू की नेहमीचा कायदा इथे का अडखळतो. एरवी भरपाई मागायची तर कुणाची तरी चूक दाखवावी लागते, ड्रायव्हरने सिग्नल तोडला, डॉक्टरने भलतंच औषध दिलं, असं काहीतरी. आता लस घेतल्यानंतर जो काही त्रास होतो त्याचे जागतिक आरोग्य संघटनेने पाच प्रकार केलेत आणि ते एकदा डोक्यात बसले की कायद्याचा निम्मा गुंता सुटतो. एक म्हणजे लस बनवतानाच दोष राहिला. दुसरं, लस ठेवताना किंवा टोचताना चूक झाली. तिसरं, सुईच्या धास्तीने माणसाला चक्कर आली, तो पडला. चौथं, निव्वळ योगायोग, म्हणजे तो आजार लस न घेताही त्याच आठवड्यात झालाच असता. आणि पाचवं, लस नीट बनवलेली, नीट थंड ठेवलेली, नीट टोचलेली, तरी त्या एका शरीराने त्या लसीलाच अशी रिअॅक्शन दिली की कायमची इजा झाली.

पहिल्या दोन प्रकारांत कोर्टात जाता येतं, कंपनीवर किंवा टोचणाऱ्यावर केस होते, ते जुनंच आहे. पाचव्या प्रकारात मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला कुणी सापडतच नाही. तोंडावाटे द्यायच्या पोलिओच्या लसीचं उदाहरण घ्या, त्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो आणि अगदी क्वचित, साधारण २७ लाख पहिल्या डोसांमागे एकदा, त्या लसीमुळेच लुळेपणा येतो. हे आधीपासून माहीत आहे, सगळ्यांनी जाणूनबुजून हा धोका पत्करलाय कारण त्या बदल्यात लाखो मुलं पोलिओपासून वाचली. इथे चूक कुणाची? कुणाचीच नाही. पण चूक कुणाची नाही म्हणून त्या मुलाला काहीच मिळू नये, हे मनाला पटत नाही, आणि बऱ्याच देशांच्या कायद्यालाही ते पटलं नाही.

पहिलं पाऊल जर्मनीने टाकलं. तिथे देवीची लस सक्तीची होती आणि १९५३ साली तिथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टापुढे लसीने इजा झाल्याचं प्रकरण आलं. कोर्टाने जुनंच एक तत्त्व बाहेर काढलं, प्रशिया या जर्मनीतल्या जुन्या राज्याच्या १७९४ च्या कायद्यातलं, त्याचा अर्थ साधारण असा की समाजाच्या भल्यासाठी एखाद्याला इतरांपेक्षा जास्त त्याग करायला लावला असेल तर समाजाने त्याची भरपाई केली पाहिजे. रस्त्यासाठी कुणाची जमीन घेतली तर आपण त्याला पैसे देतो की नाही, तसंच इथे शरीराचं. १९६१ मध्ये जर्मनीत त्याचा कायदाच झाला, १९६४ मध्ये फ्रान्सने सक्तीच्या लसींसाठी तशी तरतूद केली. मला या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इथे पैसे दया म्हणून दिलेले नाहीत आणि शिक्षा म्हणूनही नाहीत, ते देणं आहे, उधारी फेडावी तसं.

अमेरिकेत याच गोष्टीला वेगळं वळण लागलं, आणि तिथली पद्धत सगळ्यात तपशीलवार असल्यामुळे तीच जरा सविस्तर बघू. १९५५ च्या एप्रिलमध्ये पोलिओची नवीन लस बाजारात आली आणि कटर नावाच्या कंपनीच्या काही बॅचमध्ये विषाणू नीट मारलाच गेला नव्हता. सुमारे ४० हजार मुलांना पोलिओचा सौम्य आजार झाला, जवळपास २०० जण कमीजास्त लुळे झाले, १० जण गेले. पुढे १९५८ च्या खटल्यात ज्युरीने एक चमत्कारिक वाटेल असा निकाल दिला, की कंपनीने निष्काळजीपणा केला असं आम्हाला दिसत नाही, तरीही तुम्ही लस सुरक्षित म्हणून विकली आणि ती तशी नव्हती म्हणून पैसे द्या. बिचाऱ्या कुटुंबांना न्याय मिळाला हे चांगलंच झालं, पण कंपन्यांनी त्यातून हे शिकून घेतलं की चूक नसली तरी लसीचा धंदा बुडवू शकतो.

१९७६ मध्ये स्वाइन फ्लूची भीती पसरली, विमा कंपन्यांनी लस बनवणाऱ्यांना संरक्षण द्यायला नकार दिला, तेव्हा सरकारने कायदा करून सांगितलं की कंपनीवर नका, आमच्यावर दावा लावा. चार कोटींहून जास्त लोकांना लस दिली गेली, साथ आलीच नाही, पण गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे ज्याला आता सगळे जीबीएस म्हणतात, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटून हातपाय लुळे पडतात तो आजार, त्याच्या केसेस वाढलेल्या दिसल्या, लाखामागे साधारण एक जास्तीची केस, आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवली. नंतर सरकारवर हजारो दावे लागले.

खरा स्फोट झाला तो त्रिगुणी लसीवरून, घटसर, डांग्या खोकला आणि धनुर्वात. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या जुन्या लसीने मुलांच्या मेंदूला कायमची इजा होते अशी भीती १९७० च्या दशकात ब्रिटनमधून सुरू झाली, तिथे त्या लसीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० च्या आसपास घसरलं आणि डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या. १९८० च्या दशकात तेच वारं अमेरिकेत गेलं, खटल्यांवर खटले, कंपन्या एकामागून एक ही लस बनवणं सोडायला लागल्या, किंमत कितीतरी पटींनी वाढली, तुटवडा व्हायला लागला. आता बघा कोंडी कशी झाली, इजा झालेल्यांना वर्षानुवर्षं कोर्टात झगडूनही बहुतेकांना काही मिळत नव्हतं, आणि उरलेल्या मुलांना लसच मिळेनाशी होत होती. दोन्हीकडून नुकसान. मग १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये कायदा झाला आणि १९८८ च्या ऑक्टोबरपासून भरपाईची योजना सुरू झाली.

या योजनेत सौदा असा आहे. लसीने इजा झालेल्या माणसाने आधी कंपनीवर दावा लावायचा नाही, या योजनेत यायचं. त्या बदल्यात त्याला चूक कुणाची हे सिद्ध करायची गरज नाही. इंग्रजीत याला नो-फॉल्ट म्हणतात, आपल्या भाषेत सांगायचं तर दोष न शोधता भरपाई. दावा कागदोपत्री आरोग्य मंत्र्यांच्या विरोधात असतो, ज्युरी नसते, स्पेशल मास्टर म्हणून नेमलेले अधिकारी केस ऐकतात, आणि पैसे एका वेगळ्या फंडातून येतात. तो फंड भरतो कसा, तर प्रत्येक डोसवर, त्यातल्या प्रत्येक आजारामागे ७५ सेंट टॅक्स. फ्लूची लस एका आजाराची म्हणून ७५ सेंट, गोवर गालगुंड रुबेलाची तिन्हीची मिळून सव्वादोन डॉलर. म्हणजे लस घेणारा प्रत्येक माणूस नकळत त्या दहा लाखातल्या एकासाठी थोडी थोडी वर्गणी भरतोय. मला ही कल्पना फार आवडते, ज्यांना फायदा झाला तेच ज्याला तोटा झाला त्याला सांभाळतात. आत्तापर्यंत या फंडातून ५ अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम दिली गेलीये.

आता दोष सिद्ध करायचा नाही म्हटलं तरी एक गोष्ट राहतेच, आणि तीच सगळ्यात अवघड, की हे लसीमुळेच झालं हे दाखवायचं. लसीनंतर झालं आणि लसीमुळे झालं यात जमीन अस्मानाचं अंतर आहे. आपल्याकडे म्हणतात ना, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तसं. लहान मुलांना पहिल्या दोन वर्षांत एवढ्या लसी असतात आणि नेमक्या त्याच वयात कितीतरी जन्मजात आजारांची पहिली लक्षणं दिसतात, त्यामुळे कुठल्या ना कुठल्या लसीच्या मागेपुढे ती लक्षणं येणारच. पण प्रत्येक वेळी कावळ्याला सोडून द्यायचं असंही नाही, कधीकधी फांदी खरंच कावळ्याने मोडलेली असते. मग ठरवायचं कसं?

अमेरिकेच्या कायद्याने यासाठी एक तक्ताच बनवलाय. कुठल्या लसीनंतर, कुठला आजार, किती वेळात सुरू झाला तर तो लसीमुळेच झाला असं धरून चालायचं, ते त्यात लिहिलंय. जीवघेणी अॅलर्जी म्हणजे अॅनाफिलॅक्सिस, चार तासांच्या आत. फ्लूच्या लसीनंतर जीबीएस, ३ ते ४२ दिवस. रोटाव्हायरसच्या लसीनंतर आतड्यात आतडं शिरणं, १ ते २१ दिवस. गोवराची लस असेल तर प्लेटलेट कमी होणं, ७ ते ३० दिवस. तुमची केस या चौकटीत बसली तर तुम्हाला फार काही सिद्ध करावं लागत नाही, उलट सरकारने दाखवायचं की कारण दुसरंच होतं. हे दिवस कुणी हवेतून काढलेले नाहीत, शरीराला प्रतिकारशक्ती जागी करायला जेवढा वेळ लागतो त्यावरून ते आलेत, म्हणून तर लस घेतल्यावर एका तासात जीबीएस झाला म्हटलं तर ते बसत नाही आणि सहा महिन्यांनी झाला तरी बसत नाही.

तक्त्यात नसेल तर? तर रस्ता बंद होत नाही पण चढ लागतो. २००५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने एका निकालात तीन पायऱ्या सांगितल्या आणि तेव्हापासून त्याच वापरतात. लसीमुळे असा आजार होऊ शकतो हे सांगणारा पटण्यासारखा वैद्यकीय सिद्धांत पाहिजे, या माणसाच्या बाबतीत तसंच घडलं हे दाखवणारा तर्काचा धागा पाहिजे, आणि लस आणि आजार यांच्यातलं अंतर त्या सिद्धांताला जुळणारं पाहिजे. पुरावा फौजदारी खटल्यासारखा निःसंशय नको, झालं असण्याची शक्यता नसण्यापेक्षा थोडी जरी जास्त असली तरी चालतं, तराजूचं पारडं केसभर झुकलं की पुरे. यावर शास्त्रज्ञांची तक्रार असते की विज्ञानात एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण कोर्टाचं काम वेगळं आहे, त्याला आज या समोरच्या माणसाबद्दल निर्णय घ्यायचाय, वीस वर्षांनी संशोधन पूर्ण होईल तेव्हा बघू असं सांगता येत नाही. म्हणून भरपाई मिळाली याचा अर्थ लसीनेच झालं हे विज्ञानाने मान्य केलं असा कधीही काढू नका, व्हॉट्सअॅपवर हीच गल्लत सगळ्यात जास्त होते. तिथल्या भरपाईच्या केसेसपैकी साधारण ६० टक्के तर तडजोडीने मिटतात, लसीमुळेच झालं असं सरकारने कबूल न करता.

ही कारणाची गुंतागुंत किती खोल जाते त्याचं एक उदाहरण सांगते, ते मी वाचलं तेव्हा बराच वेळ डोक्यातून गेलं नव्हतं. त्रिगुणी लसीनंतर फिट येऊन मेंदूला इजा झाली असं मानलेल्या १४ रुग्णांची २००६ मध्ये जनुकीय तपासणी झाली. १४ पैकी ११ जणांमध्ये एकाच जनुकात बिघाड सापडला, ड्रॅव्हे सिंड्रोम नावाचा आजार होतो त्याने, आणि त्यात ताप आला की फिट येते. म्हणजे लसीने ताप आणला, तापाने पहिली फिट बाहेर काढली, पण आजार जन्मापासून आत बसलेला होता, लस दिली नसती तर पुढच्या कुठल्यातरी तापात तो दिसलाच असता. आता त्या आईवडिलांचा विचार करा, त्यांनी डोळ्यांनी बघितलं की आदल्या दिवशी मूल ठीक होतं आणि लस दिल्यावर फिट आली. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. ब्रिटनच्या हायकोर्टाने १९८८ मध्येच, हे जनुक सापडायच्या कितीतरी आधी, लांबलचक सुनावणीनंतर म्हटलं होतं की डांग्या खोकल्याच्या लसीने कायमची मेंदूची इजा होते हे सिद्ध झालेलं नाही.

ऑटिझमचं प्रकरणही असंच. १९९८ च्या एका शोधनिबंधाने गोवराच्या लसीशी ऑटिझम जोडला, तो निबंध २०१० मध्ये मासिकाने मागे घेतला, पण तोवर अमेरिकेच्या या योजनेत पाच हजारांहून जास्त कुटुंबांनी दावे लावले होते. सगळे एकेक ऐकणं शक्य नव्हतं म्हणून काही नमुन्याच्या केसेस निवडल्या, महिनोन्महिने तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, आणि २००९ व २०१० च्या निकालांत सगळ्या फेटाळल्या. कोर्टाने त्या पालकांबद्दल सहानुभूती दाखवली, पण पुरावा नाही तर नाही.

आणि दुसऱ्या टोकाची गोष्ट, जिथे फांदी खरंच कावळ्याने मोडली होती. २००९ च्या फ्लू साथीत पँडेमरिक्स नावाची लस युरोपात दिली गेली, २०१० मध्ये फिनलंड आणि स्वीडनमध्ये लक्षात आलं की लस घेतलेल्या मुलांमध्ये नार्कोलेप्सी वाढलीये, म्हणजे दिवसा कधीही अचानक झोप लागण्याचा कायमचा आजार. अभ्यासांनी संबंध दाखवला, आणि त्या मुलांना भरपाई मिळाली. कोविडमध्येही तसंच, अॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होण्याचा फार दुर्मिळ प्रकार २०२१ च्या वसंतात ओळखला गेला, आणि ब्रिटनच्या योजनेतून त्यासाठी पैसे दिले गेले. त्रास झाला तर तो मान्य करणारी यंत्रणा असली की लोकांचा विश्वास बसतो, लपवलं की जातो, हे मला या दोन गोष्टींवरून फार प्रकर्षाने वाटतं.

अमेरिकेच्या योजनेत सगळ्यात जास्त दावे कशाचे असतात माहितीये? बहुतेकांना वाटेल मेंदूचे वगैरे, पण गेल्या काही वर्षांत निम्म्याहून जास्त दावे खांद्याचे आहेत. सुई दंडावर जास्त वर टोचली गेली की ती खांद्याच्या सांध्याजवळच्या पिशवीत जाते, तिथे सूज येते आणि महिनोन्महिने हात वर होत नाही. २०१७ पासून हे तक्त्यात आलंय, दुखणं ४८ तासांत सुरू व्हायला पाहिजे ही अट आहे. यात लसीच्या औषधाचा दोषच नाही, टोचायच्या जागेचा आहे, आणि नीट शिकवलं तर बऱ्याच प्रमाणात टाळता येणारी इजा आहे.

मिळतं किती आणि कसं, हेही बघू. उपचार आणि देखभालीचा खर्च, पुढच्या आयुष्यभराचा धरून, त्याला वरची मर्यादा नाही. बुडालेला पगार मिळतो. वेदना आणि मनस्तापासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, आणि मृत्यू झाला तर कुटुंबाला अडीच लाख डॉलर. हा अडीच लाखाचा आकडा १९८६ मध्ये लिहिला गेला आणि आजतागायत तसाच आहे, तेव्हाच्या अडीच लाखाची किंमत आज निम्म्याहूनही कमी राहिलीये, आणि मला यात बदल न करण्यामागे एकही चांगलं कारण दिसत नाही. त्रास निदान सहा महिने टिकलेला हवा, नाहीतर हॉस्पिटलात भरती होऊन ऑपरेशन झालेलं हवं. दावा पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांत लावायचा, मृत्यू असेल तर मृत्यूपासून दोन वर्षांत. एक गोष्ट मात्र खरंच चांगली केलीये, वकिलाची फी फंडातून जाते, हरलात तरी जाते, फक्त दावा प्रामाणिक आणि थोडाफार आधार असलेला पाहिजे, आणि वकिलाला तुमच्या भरपाईतून टक्केवारी कापता येत नाही. त्यामुळे गरिबालाही वकील मिळतो.

ही योजना परिपूर्ण आहे असं मी म्हणणार नाही. कायद्याने आठच स्पेशल मास्टर ठेवलेत, दाव्यांची संख्या कितीतरी वाढली, निकालाची मुदत कागदावर २४० दिवसांची आणि प्रत्यक्षात वर्षं जातात. शिवाय २०११ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध दोन असा निकाल दिला की लसीचं डिझाइन याहून सुरक्षित करता आलं असतं या मुद्द्यावर कंपनीवर खटलाच भरता येणार नाही. विरोधात मत देणाऱ्या न्यायाधीशांचं म्हणणं होतं की मग कंपनीने लस आणखी चांगली करावी यासाठी कोर्टाचा धाक राहतच नाही, आणि ते म्हणणं सहज झटकून टाकण्यासारखं नाही. सोडवायचा होता तुटवड्याचा प्रश्न, पण जबाबदारीचा प्रश्न मात्र थोडा अर्धवट राहून गेला.

बाकीच्या देशांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. ब्रिटनने १९७९ मध्ये कायदा केला आणि तिथे हिशोब अगदी सरळ ठेवला, एकरकमी पैसे, आता ते १,२०,००० पौंड आहेत, पण अपंगत्व ६० टक्के असलं पाहिजे. म्हणजे ६० टक्के ठरलं तर पूर्ण रक्कम, ५० टक्के ठरलं तर शून्य, मधलं काही नाही. आयुष्य ५० टक्के अपंगत्वानेही मोडतं हे सांगायला डॉक्टर लागत नाही, त्यामुळे या अटीवर तिथे सतत टीका होते. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून सगळ्याच अपघातांसाठी दोष न शोधता भरपाईची एकच योजना आहे, उपचारातून झालेली इजाही त्यातच, त्यामुळे लसीसाठी वेगळं दार नाही. स्वीडन, फिनलंडमध्ये औषध कंपन्यांच्या विम्यातून पैसे येतात. २०१८ च्या सुमारास जगात अशा योजना असलेले देश फक्त २५ होते आणि त्यातले बरेचसे श्रीमंत. युरोपच्या कोर्टाने २०१७ मध्ये असंही सांगितलं की एखाद्या आजाराबद्दल विज्ञानात एकमत नसलं तरी ठोस, नेमके आणि एकमेकांना जुळणारे पुरावे असतील तर राष्ट्रीय कोर्ट भरपाईचा विचार करू शकतं.

कोविडने हे सगळं एकदम ताणून धरलं. कंपन्यांनी लस द्यायच्या आधी सरकारांकडून कायदेशीर संरक्षण मागितलं, बऱ्याच गरीब देशांकडे भरपाईची काही सोयच नव्हती, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्समधून, म्हणजे गरीब देशांनाही कोविडची लस मिळावी म्हणून उभ्या केलेल्या जागतिक उपक्रमातून, लस घेणाऱ्या ९२ देशांसाठी २०२१ मध्ये एक सामाईक योजना उभी केली, अनेक देशांना मिळून अशी ही पहिलीच. रकमेचं सूत्र असं, त्या देशाचं दरडोई उत्पन्न गुणिले १२ गुणिले इजेच्या गंभीरपणाचा आकडा. सूत्र समजायला सोपं आहे, पण सारख्याच इजेसाठी गरीब देशातल्या माणसाला कमी मिळतं हे त्यातच लपलेलं आहे, आणि पैसे घेतले की कोर्टात जायचा हक्क सोडावा लागतो. अमेरिकेत तर कोविडची लस नेहमीच्या योजनेत न घेता साथीच्या संकटासाठी असलेल्या दुसऱ्याच योजनेत टाकली, तिथे मुदत लस घेतल्यापासून एक वर्ष, कोर्ट नाही, वकिलाची फी योजनेतून मिळत नाही, मनस्तापाचे पैसे नाहीत. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथले पहिले तीन दावे मंजूर झाले आणि तिघांचे मिळून साडेचार हजार डॉलरच्या थोडे वर. एकाच देशात, एकाच दिवशी, एका दंडावर फ्लूची लस आणि दुसऱ्या दंडावर कोविडची घेतली तर कुठल्या लसीने त्रास दिला यावर तुमचे हक्क एवढे बदलतात.

भारतात २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टात प्रतिज्ञापत्र देऊन म्हटलं होतं की लस ऐच्छिक होती, सरकार थेट जबाबदार नाही, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांनी दिवाणी किंवा ग्राहक कोर्टात जावं. वर पाच प्रकार सांगितले ते आठवा, दिवाणी कोर्टात गेलं की पुन्हा चूक कुणाची हा प्रश्न येतो आणि पाचव्या प्रकारातला माणूस तिथेच अडकतो. त्याच वर्षी मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या निकालात सांगितलं होतं की कुणालाही लस घ्यायची बळजबरी करता येणार नाही, आणि लसीनंतरच्या त्रासाच्या नोंदी लोकांना सहज बघता येतील अशा ठेवा, अर्थात रुग्णांची ओळख न उघडता. माझं मत स्पष्ट आहे, लस ऐच्छिक होती म्हणून देणं संपत नाही, लोकांना सगळ्यांसाठी घ्या म्हणून आपणच सांगितलं होतं ना.

शेवटी कामाचं थोडं, देश कुठलाही असला तरी. लस घेतल्याचं कार्ड जपून ठेवा आणि त्यावर लसीचं नाव, कंपनी, बॅच नंबर, तारीख आहे ना हे तिथेच उभं राहून बघून घ्या, बॅच नंबर नसेल तर लिहून मागा, कारण नंतर दोष बॅचचा होता का हे त्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. काही वेगळं जाणवलं तर ते किती वाजता सुरू झालं, किती वेळ टिकलं हे त्याच दिवशी लिहून ठेवा, वर बघितलंच की सगळा खेळ चार तास, ४८ तास, ४२ दिवस असल्या आकड्यांवर चालतो आणि सहा महिन्यांनी आठवून सांगितलेल्या तारखेपेक्षा डॉक्टरच्या कागदावर त्या आठवड्यात लिहिलेली ओळ कितीतरी वजनदार ठरते. डॉक्टरकडे गेलात की लस घेतली होती हे स्वतःहून सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा, त्रासाची सरकारी नोंदही करून घ्या, पण ती नोंद म्हणजे भरपाईचा दावा नव्हे, दावा वेगळा लावावा लागतो आणि नोंद केली की काम झालं असं समजून बसलेल्या लोकांची मुदत निघून जाते. लस घेण्याआधीचे रिपोर्टही काढून ठेवा, त्रास आधीपासून नव्हता हे दाखवायला तेच लागतात. आणि मुदत कशापासून मोजतात, लस घेतल्यापासून की पहिलं लक्षण दिसल्यापासून, हे सगळ्यात आधी विचारून घ्या.